वाढ जाहीर झाली, हातीं केव्हां पडणार?



मदत किती द्यावी याचा विचार आपण पुष्कळ करितों. ती केव्हां पोंचते याचा फार थोडा. म्हणून अमेरिकेंतील एक उदाहरण आपणांपुढें ठेवितों.

तेथें वृद्धांस व अपंगांस 'सोशल सिक्युरिटी'चें मासिक पेन्शन मिळतें. महागाईबरोबर तें आपोआप वाढावें असा कायदा १९७२ त झाला, व १९७५ त शेंकडा ८ ची पहिली वाढ मिळाली. आतां जुलै ते सप्टेंबरचे भाव मागील भावांशीं ताडून ऑक्टोबरांत वाढ जाहीर होते. ती डिसेंबरच्या पेन्शनास लागू होते. आणि डिसेंबरचें पेन्शन जानेवारींत हातीं पडतें. २०२२ त जाहीर झालेली शेंकडा ८.७ ची वाढ अशा रीतीनें २०२३ च्या जानेवारींत पोंचली. पूर्वीं ही वाढ जुलैंत मिळे. फंडाच्या ओढाताणीमुळें १९८३ च्या कायद्यानें ती सहा महिने पुढें गेली.

ज्याच्या घरीं वर्षाचें धान्य भरलेलें आहे, त्यास हा केवळ तारखेचा फरक. रोज आणून रोज खाणारास तो उपासाचा फरक होय.

दुष्काळांतही तेंच घडतें. धान्याचा भाव आज चढतो, शिधा मात्र वर्गणी वसूल झाल्यावर वाढतो. सबब व्यापारी व जमीनदार बंधूंस सविनय प्रार्थना कीं, यादींत आंकडा घालाल त्याच दिवशीं रक्कम द्यावी. म्हणजे भाव चढेल त्याच आठवड्यांत शिधा वाढवितां येईल.