कापलेले पैसे परत कसे येतात?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)

विषयपत्रिकेवर हा विषय शेवटी होता, अध्यक्षताईंनी वर घेतला ते बरं केलं. शेवटी ठेवला असता तर निम्म्या जणी एसटी गाठायला उठून गेल्या असत्या.

गटांच्या बैठकीला गेलं की हल्ली एकच प्रश्न येतो. "मॅडम, पैसे कापले पण मिळाले नाहीत, आता काय करायचं?" कुणाचे एटीएमवर कापले जातात, कुणाचे अंगठा लावून, कुणाचे मुलाच्या फोनवरून. दोघी-तिघींच्या घरात आता क्रेडिट कार्डही आलंय आणि त्यावर न घेतलेल्या वस्तूचं बिल आलंय. पैसे परत मिळतात. पण कुठल्या प्रकारात कसे मिळतात आणि किती दिवसांत, हे माहीत नसलं की बँकेत गेल्यावर "येतील येतील" एवढंच ऐकून आपण परत येतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. व्यवहार अर्धवट अडकला, म्हणजे खात्यातून वजा झाले पण हातात आले नाहीत, हा एक प्रकार. आणि व्यवहार पूर्ण झाला पण तो तुम्ही केलेलाच नाही, हा दुसरा. दोन्हींचे नियम वेगळे आहेत, मुदतही वेगळी.

अर्धवट अडकलेल्या व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये परिपत्रक काढलं आणि ते १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झालं. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून गेल्या, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांच्या आत बँकेने स्वतःहून पैसे परत जमा करायचे. अंगठा लावून पैसे काढताना खात्यातून गेले आणि मशीनवर व्यवहार झाल्याचं आलंच नाही, तरी तेच ५ दिवस. फोनवरून दुकानदाराला यूपीआय केलं आणि त्याला पोचल्याचं कळलं नाही, तरी ५ दिवस. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेले अडकले, तर फक्त १ दिवस. हे दिवस कॅलेंडरचे आहेत. रविवार, सणाची सुट्टी, सगळं धरून.

आणि मुदत उलटली तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. ही तक्रार केली नाही तरी द्यायची असते. हिशोब करून बघू. ३ तारखेला २,००० रुपये अडकले. मुदत ८ तारखेपर्यंत. पैसे आले २० तारखेला. म्हणजे १२ दिवस उशीर, १,२०० रुपये भरपाई, शिवाय मूळ २,००० आहेतच. पासबुक भरून आणल्यावर ही १,२०० ची ओळ आहे का, ते शोधा. नसेल तर मागा. मागायला लाजू नका, आपण गटात उशिरा हप्ता भरणाऱ्या मैत्रिणीकडून दंड घेतोच की.

इथे मला बीसी सखीबद्दल बोलायचंय. अंगठा लावला, पैसे आले नाहीत, की आपण पहिलं तिच्यावर घसरतो. "तूच खाल्लेस." ती पण आपल्याच गटातली बाई आहे. व्यवहार खरोखर फेल झाला असेल तर ते पैसे तिच्याकडे आलेलेच नसतात, दोन बँकांच्या मध्ये अडकलेले असतात आणि तुमच्या खात्यातच परत येतात, तिच्या हातून रोख नाही. पण पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. पावतीवर व्यवहाराचा १२ आकडी नंबर असतो. त्या नंबरावरून बँकेला कळतं की व्यवहार फेल झाला का पूर्ण. कुठे कुठे "सर्व्हर गेलाय, परत अंगठा लावा" म्हणत तीन-तीनदा अंगठा घेतला जातो. प्रत्येक वेळेची पावती मागा, फेलची सुद्धा. पैसे निघाल्याची नोंद खात्यावर आहे आणि तुम्हाला दिले नाहीत, तर मात्र ती फसवणूक आहे. तिथे नातं-गोतं बघू नका, तक्रार करा.

आता दुसरा प्रकार, जो तुम्ही केलाच नाही तो व्यवहार. याचा नियम जुलै २०१७ चा आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वेगळं परिपत्रक आलं. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काहीच जबाबदारी नाही. चूक बँकेचीही नाही आणि तुमचीही नाही, मधल्याच कुणीतरी केलं, तर बँकेचा मेसेज आल्यापासून ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं की पूर्ण पैसे परत. ४ ते ७ दिवसांत कळवलं तर काही भार तुमच्यावर येतो: जनधनसारख्या मूळ बचत खात्यावर जास्तीत जास्त ५,००० रुपये, साध्या बचत खात्यावर १०,०००. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या स्वतःच्या धोरणावर. ओटीपी किंवा पिन तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तशी चूक झाली असली तरी फोन करायचाच.

हे दिवस मोजतात ते मेसेज आल्यापासून. आणि मेसेज कुणाच्या फोनवर येतो? मागच्या महिन्यात एका गटात हात वर करायला सांगितले, तर अर्ध्याहून जास्त जणींच्या खात्याला नवऱ्याचा नाहीतर मुलाचा नंबर. तो ऊसतोडीला गेलेला, नाहीतर पुण्यात कामाला. मेसेज तिथे वाजतो, दिवस तिथे मोजायला लागतात, आणि इकडे ताईंना कळतं पासबुक भरल्यावर. याच्यापेक्षा वाईट म्हणजे कळूनही न बोलणं. घरी काय म्हणतील, सासूबाई बोलतील, म्हणून आठवडा जातो. त्या आठवड्याची किंमत मी आत्ताच सांगितली, ५,००० नाहीतर १०,०००. घरी सांगायचं का नाही ते तुम्ही ठरवा, पण बँकेला त्याच दिवशी सांगा. आणि फसवणूक असेल तर १९३० या नंबरला लगेच फोन, पैसे पुढे सरकायच्या आत थांबवायला तोच उपयोगी.

तक्रार नोंदवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते, आणि ती मूळ व्यवहाराच्या तारखेपासून धरायची, म्हणजे व्याज बुडत नाही. यावर फार गैरसमज होतो. तात्पुरती जमा म्हणजे निकाल नाही. बऱ्याच बँका ती रक्कम दाखवतात पण चौकशी होईपर्यंत काढू देत नाहीत. त्या भरवशावर बियाणं उधार आणू नका. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तेवढ्यात बँकेला जबाबदारी ठरवता आली नाही, तर नियमात बसणारी भरपाई तुम्हाला द्यावीच लागते. आणि चूक तुमची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे, तुमचं नाही. हे वाक्य शाखेत शांतपणे म्हणून बघा.

क्रेडिट कार्डाचं थोडं वेगळं. तिथे पैसे खात्यातून गेलेले नसतात, उधारीवर चढलेले असतात. म्हणून परतावा आधी कार्डावरच येतो. बिल भरायची तारीख यायच्या आत आला तर तेवढी रक्कम बिलातून लगेच वजा व्हायला हवी. बिल भरून झाल्यावर आला तर ते पैसे कार्डावर तुमच्या नावाने शिल्लक पडतात. इथे २०२२ चा नियम असा: कार्ड मर्यादेच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये, यातली लहान रक्कम घ्या. परतावा त्याहून मोठा असेल तर कंपनीने ७ दिवसांत मेसेज किंवा ईमेलने विचारायचं, की हे कार्डावरच जिरवू का? उत्तर दिलं नाही तर पैसे बँक खात्यात पाठवायचे. समजा मर्यादा ५०,०००, तर १ टक्का ५०० झाला. परतावा १,८०० चा, म्हणजे विचारायलाच हवं. आणि रक्कम लहान असली तरी तुम्ही स्वतः मागितलं, तर ३ कामकाजाच्या दिवसांत खात्यात. बिलातली नोंद मान्य नाही असं कळवलं, की ३० दिवसांत पुराव्यासह खुलासा द्यायचा असतो. फसवणूक म्हणून कळवलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही. पण बाकीचं बिल वेळेत भरा. "भांडण चालू आहे" म्हणून सगळंच थांबवलं तर उरलेल्या बिलावर व्याज चढतं, ते कुणी माफ करत नाही.

परतावा घ्यायला पिन लागत नाही. "रिफंड पाठवतो, स्कॅन करा, पिन टाका" असं कुणी म्हटलं की फोन ठेवा. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला नाही. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच घ्या.

तक्रार लेखी द्या, दोन प्रती करा, एकीवर शाखेचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्का द्यायला कुरकुर करतात, तेव्हा दोघी-तिघी मिळून जा, लगेच मिळतो. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. एक पैसा लागत नाही, वकील लागत नाही. १४४४८ वर मराठीत माहिती मिळते.

पुढच्या गटबैठकीला प्रत्येकीने पासबुक भरून आणायचं. खात्याला कुणाचा नंबर जोडलाय ते सीआरपी ताई रजिस्टरमध्ये लिहून घेतील. ज्यांना स्वतःचा नंबर जोडायचाय त्यांचे अर्ज तिथेच भरू आणि त्याच आठवड्यात सगळे एकदम शाखेत नेऊन देऊ. ज्यांचे पैसे आत्ता अडकलेत, त्यांनी पावती घेऊन जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.