पट्ट्याचा कागद आणि जमिनीचा कब्जा

(आंजी (मोठी), जिल्हा वर्धा, येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



परकीयाने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने जमीन घेतली तर कायदा कोणाचे रक्षण करतो, हा प्रश्न आंजीसारख्या गावाला दूरचा वाटेल. परंतु त्याचा एक ठळक दाखला येथून जवळच आहे. आर्वीच्या पुढे वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते. हा अवघा प्रांत एके काळी पट्ट्याने दिलेला मुलूख होता.

१८५३ च्या तहान्वये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत या व्यवस्थेचे रूपांतर कायमच्या पट्ट्यात झाले. खंड ठरला वर्षाला २५ लाख रुपये. निजामाचे सार्वभौमत्व कागदावर शाबूत राहिले. सारा, न्यायालये आणि पोलीस मात्र पट्टेदाराच्या हाती राहिले. १९२३ मध्ये पुढच्या निजामाने वऱ्हाड परत मागितले. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने कळविले की, ब्रिटिश सत्तेशी बरोबरीच्या नात्याने बोलण्याचा अधिकार कोणत्याही संस्थानिकास नाही. १९३६ च्या कराराने निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, युवराजास वऱ्हाडच्या नावाची पदवी मिळाली. मुलूख मिळाला नाही.

निजामासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. कापूस पिकविणाऱ्या रयतेला या देवघेवीत कोणीच विचारले नव्हते. बोध एवढाच की, पट्ट्याला मुदत नसली आणि पट्टेदारच न्यायाधीश असला, तर मालकी नावापुरती उरते.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने या दोन्ही गोष्टींना लगाम घातला. विदर्भाच्या १९५८ च्या कुळवहिवाट कायद्याचे कलम ८९ शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमिनीची विक्री वा पट्टा, परवानगीवाचून, वैध मानीत नाही. १९९९ च्या विदेशी विनिमय कायद्याखालील नियमांनुसार परदेशात राहणाऱ्या परकीय नागरिकास सर्वसाधारणपणे पाच वर्षांपर्यंतचाच पट्टा मोकळा आहे.

परकीय माणसाचा द्वेष हा समाजवादी विचार नव्हे. संविधानाची कलमे १४ आणि ३००-अ केवळ नागरिकाला नव्हे, तर प्रत्येक व्यक्तीला संरक्षण देतात. रीतसर पट्टा घेणारा परकीय येथील न्यायालयात दाद मागू शकतो. मात्र एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करावा लागतो. नोंदणी टाळली तर कागदातील अटी सिद्ध करणे कठीण होते. मुदतीचे बंधन चुकविण्यासाठी स्थानिक माणसाच्या नावावर जमीन घेतली तर बेनामी व्यवहाराच्या कायद्याखाली ती सरकारजमा होऊ शकते. विनिमय कायद्याचा भंग सिद्ध झाल्यास रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होतो. नाव देणाऱ्या गरीब शेतकऱ्यावरही खटला येतो, हे गावोगाव सांगितले पाहिजे.

तथापि खरी फट निराळीच आहे. भारतात नोंदलेली कंपनी, तिचे सारे भागभांडवल परदेशी असले तरी, विनिमय कायद्याच्या दृष्टीने भारतातील निवासी ठरते. पाच वर्षांची मर्यादा एकट्या परकीय माणसाला अडविते. त्याच्या भांडवलाला अडवीत नाही. आज सौर प्रकल्पांसाठी तीस वर्षांचे पट्टे होत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ ठरली आहे. कोरडवाहू कापसाने पोळलेल्या शेतकऱ्याला ही रक्कम मोहात पाडते, यात त्याचा दोष नाही. परंतु तीस वर्षे म्हणजे एक पिढी. वर्षाच्या मक्त्याने दिलेले शेत पुढल्या हंगामात परत मागता येते. या पट्ट्यावर सही करणाऱ्या पन्नाशीच्या माणसाचे शेत त्याच्या ऐंशीव्या वर्षी मोकळे होईल.

म्हणून कार्यकर्त्यांनी सही होण्यापूर्वी प्रत्येक करारास चार प्रश्न विचारावेत. भाडे थकल्यास जमीन किती दिवसांत परत मिळेल? कंपनी विकली गेली तर नव्या मालकावर जुन्या अटी बंधनकारक राहतील काय? मुदत संपल्यावर पाया आणि लोखंड उखडून शेत पूर्ववत करण्याचा खर्च कोणाचा? आणि वाद झाल्यास निवाडा वर्ध्याच्या न्यायालयात होईल, की शेतकऱ्याला परवडणार नाही अशा दूरच्या लवादापुढे?

निजामाजवळ राज्य होते, वकील होते, तरी त्याला वऱ्हाड परत मिळाले नाही. पाच एकरांच्या धन्याजवळ संघटनेवाचून दुसरे काय आहे? त्याने एकट्याने सही करू नये. करार मराठीत मागावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावा, आणि या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लेखी आल्यावरच हातात लेखणी धरावी.