समुद्राची नाकेबंदी

(बेलपाडा येथील प्रौढ वर्गात केलेले भाषण)



मागच्या खेपेला वर्तमानपत्र वाचताना 'नाकेबंदी' हा शब्द आला. एका आजींनी बोट ठेवून तो नीट वाचला. मग विचारले, "गुरुजी, नाका रस्त्यावर असतो. तिथे पोलीस गाड्या अडवतात. समुद्रात कुठला आला नाका?" प्रश्न चांगला होता. वेळ संपली होती, म्हणून आम्ही उत्तर आजवर राखून ठेवले.

समुद्रातही नाके असतात. खाडीचे तोंड हा नाका. बंदराची वाट हा नाका. लढाईत एक पक्ष तिथे आपली जहाजे उभी करतो. शत्रूकडे धान्य जाऊ देत नाही, लाकूड जाऊ देत नाही, दारूगोळा जाऊ देत नाही. त्याचा माल बाहेर विकायलाही जाऊ देत नाही. मग शत्रूची चूल थंड पडते, पेठही बसते. शेवटी तो शरण येतो. असा हा हिशेब. पण कागदावर जुळलेला हिशेब पाण्यावर जुळतोच असे नाही. त्याची एक गोष्ट आपल्याच मुलखातली आहे, आणि तीत आपल्या पनवेलचेही नाव येते.

मुंबई बंदराच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळ गावासमोर दोन बेटे आहेत. खांदेरी आणि उंदेरी. १६७९ साली पावसाळा सरत आला तेव्हा शिवाजी महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला माणसे पाठवली. पुढारी मायनाक भंडारी. बरोबर सुमारे दीडशे माणसे आणि चार लहान तोफा. जागा मोठी मोक्याची. मुंबईत जाणारी-येणारी गलबते तिथून दिसतात. मुंबई तेव्हा इंग्रज कंपनीकडे होती. जंजिऱ्याचा सिद्दी मुंबई बंदरात आसरा घेई, आणि खाडीत शिरून किनाऱ्यावरची गावे लुटी, माणसे धरून नेई. त्याच्यावर नजर ठेवायला खांदेरीसारखी दुसरी जागा नाही.

इंग्रजांना हे खपले नाही. त्यांनी बेटाभोवती गलबतांचा पहारा बसवला. किनाऱ्यावरून दाणा-गोटा आणि बांधकामाचे सामान बेटावर पोचू द्यायचे नाही, एवढाच हेतू. एकदा त्यांची माणसे बेटावर उतरायला गेली, तर थॉर्प नावाचा त्यांचा अधिकारी मारला गेला. मग 'रिव्हेंज' हे मोठे लढाऊ जहाज आले.

आता गंमत बघा. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागते, वारा लागतो. वारा पडला की ते जागच्या जागी. आपल्या होड्या लहान. उथळ पाण्यात चालणाऱ्या. शीड आहे, वल्हीही आहेत. अंधार पडला की किनाऱ्यावरून होड्या निघत, खडकांमधून वाट काढत आणि माल उतरवून परत येत. ही वाट इंग्रज खलाशाला कोण सांगणार? ती माहीत आपल्या कोळी-भंडाऱ्यांना. पहारा चालू, आणि बेटावर भिंतीचे कामही चालू!

१८ ऑक्टोबरला दौलतखान आरमार घेऊन उघड्यावर चालून आला. इंग्रजांचे 'डव्ह' हे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. पण 'रिव्हेंज'च्या तोफांपुढे आरमाराला मागे फिरावे लागले, हेही सांगितले पाहिजे. शाळेत शिकवताना आम्ही ही बाजू कधीकधी गाळत असू. ते बरे नव्हते.

त्याच सुमाराला महाराजांनी चार हजार माणसे कल्याणकडे धाडली. ठाण्यावरून मुंबईवर जायचा बेत. ठाणे तेव्हा पोर्तुगीजांचे. त्यांनी वाट दिली नाही. मग ती फौज इकडे पनवेलला आली. मुंबईकर इंग्रजांचे धाबे दणाणले. का म्हणाल? मुंबई तेव्हा लहानसे बेट. तिचे पोट पलीकडच्या किनाऱ्यावर. धान्य तिकडून, सरपण तिकडून. आणि त्या किनाऱ्याचा मोठा भाग महाराजांचा. खांदेरीची चूल विझवायला जावे, तर आपलीच विझायची!

शिवाय कंपनी पडली व्यापारी. जहाजांना खर्च, खलाशांना पगार, आणि हाती काही नाही. सुरतेच्या वरिष्ठांनी भांडण मिटवा म्हणून कळवले. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी पहारा उठवला. खांदेरी महाराजांकडे राहिली. सिद्दीने मात्र शेजारची उंदेरी बळकावली, नि तिथून तोफा डागू लागला. ते दुखणे पुढे पुष्कळ वर्षे चालले.

ही लढाई दीडशे माणसांच्या जेवणाची होती. पुढे मोठमोठ्या देशांच्या लढाया झाल्या, तेव्हा देशच्या देश उपाशी पडले. १९४२ साली जपानने ब्रह्मदेश घेतला. रंगूनहून येणारा तांदूळ बंद झाला. मुंबईत १९४३ साली रेशन आले. आमचे वडीलधारे त्या रांगा सांगत. बंगालात तर जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रज सरकारने किनाऱ्याकडच्या हजारो होड्या काढून घेतल्या, मोडल्या. कोळ्याने मासे कशावर धरावेत? तांदूळ गावोगावी कशातून न्यावा? १९४३ च्या दुष्काळात तिथे लाखो माणसे मेली. दुष्काळाला आणखीही कारणे होती, पण होड्या गेल्या हे त्यांतले एक.

खांदेरीवर आज दीपगृह आहे. पुढच्या खेपेला आम्ही नकाशा आणू. आजी, तुम्हीच बोट ठेवून दाखवायचे, खांदेरी कुठे, पनवेल कुठे, आणि नाका कुठे ते.