जुन्या प्रयोगशाळेचं काय करायचं?

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या निधीतून जुन्या प्रयोगशाळेच्या दोन खोल्यांचं काय करायचं, यावर मला बोलायला सांगितलं आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, म्हणजे मी संगणक मागणार, असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलंय. भिंतीला लावलेली तीस टेबलं आणि प्रत्येकावर एक संगणक, असा आराखडा ग्रुपवर फिरतोही आहे. माझा त्याला विरोध आहे. काही वर्षांत ती यंत्रं जुनी होतील, आणि आज तिथे मोडक्या बाकांची अडगळ आहे तशी उद्या महागडी अडगळ होईल.

त्याऐवजी एका इमारतीची गोष्ट सांगते. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४३ साली, युद्धाच्या धामधुमीत, रडारच्या संशोधनासाठी एक तीनमजली लाकडी इमारत उभारली. तिला धड नावही नव्हतं. नुसती ‘बिल्डिंग २०’. युद्ध संपलं की पाडायची, असं ठरलं होतं. ती पडली १९९८ साली! दिसायला कळकट, उन्हाळ्यात भट्टी. पण तात्पुरती म्हणून तिची कुणी फिकीर करत नसे. भिंत आडवी येते? काढा. तार न्यायचीय? भोक पाडा. एका शास्त्रज्ञाला अणुघड्याळाच्या प्रयोगासाठी उंची हवी होती, तर त्याने वरच्या मजल्यांची जमीनच कापली. तिथेच विद्यार्थ्यांचा खेळण्यातल्या रेल्वेचा क्लब होता. टेलिफोनचे जुने रिले जोडून ते गाड्यांचे रूळ बदलायचे. त्यातलीच काही मुलं संगणकांकडे वळली आणि ‘हॅकर’ हा शब्द आमच्या धंद्यात त्यांच्यामुळे आला. संगणक शिकवायचा म्हणून ती खोली कुणी सजवली नव्हती.

आता आपल्याकडे. आपल्या भिंती काळ्या दगडाच्या, छपराचा भार घेणाऱ्या. त्यांना हात लावायचा नाही. पण मधले सिमेंटचे ओटे काढता येतील. ते गेले की खोली केवढी मोठी आहे ते कळेल. विजेचे पॉइंट भिंतीत न देता वरून, तुळईवरून खाली सोडायचे, म्हणजे टेबल कुठेही नेलं तरी चालतं. उजेडाचं मात्र नीट बघावं लागेल. आपले वर्ग बांधताना खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवल्या, कारण उजव्या हाताने लिहिताना वहीवर सावली पडू नये. सगळे फळ्याकडे तोंड करून बसतील, हे त्यात गृहीतच आहे. चार-चार मुलं समोरासमोर बसली की निम्म्यांच्या वहीवर अंधार. त्यावर स्वस्त उपाय म्हणजे छपरात मध्ये मध्ये काचेची कौलं. टेबलं हलकी हवीत, सातवीतल्या दोन मुलींना उचलता येतील इतकी. चाकं नसली तरी चालेल. माझ्या एका जुन्या ऑफिसात सगळ्या टेबलांना चाकं होती आणि एकही हलत नसे, कारण हलवायला अर्ज करावा लागे!

मुख्य अडचण तीच आहे, आणि ती सुताराला सुटणारी नाही. शाळेतली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढते. स्टूल मोडलं की उत्तर द्यायचं शिक्षकांनी. मग बाईंनी कुलूप लावलं तर त्यांचं काय चुकलं? आपण शाळेत होतो तेव्हा सूक्ष्मदर्शक कपाटात असायचा आणि आपण तो काचेतून बघायचो. त्याला सांभाळणाऱ्यांचा नाइलाज होता, हे मला आता कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, निधी सगळा बांधकामात घालू नये. निम्मी रक्कम मुदत ठेवीत ठेवावी आणि तिचं व्याज फक्त मोडतोडीसाठी वापरावं. टेबलं, हत्यारं, फळ्या आपल्या संघाच्या नावावर राहतील. काही मोडलं तर जाब संघाला विचारा, शिक्षकांना नको. किल्ली एक शिक्षकांकडे आणि एक नववीच्या मुलामुलींकडे. करवत, सोल्डरिंगचं सामान मात्र वेगळ्या कपाटात, आणि तिथे मोठं माणूस हजर हवंच. संगणकही असू देत, चार-पाच, उचलून नेता येणारे.

आणि हो, देणगीदारांच्या संगमरवरी पाट्या आतल्या भिंतीवर नकोत. मुलांना खिळे ठोकायला ती भिंत लागणार आहे. नावं हवीच असतील तर दाराबाहेर एक फळा लावू आणि खडूने लिहू.

कौलं उतरवायचं काम मे महिन्यातच करावं लागेल. जूनमध्ये कुणी छपरावर चढणार नाही. त्यामुळे होय-नाही आजच ठरलेलं बरं. चहाच्या वेळी त्या खोल्या उघड्या ठेवायला सांगितलं आहे. मी मोजायची टेप आणली आहे. ओटे किती जागा खातात, ते तिथेच मोजू या.