रंगमंचावरचा अपशकुन
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



मी काही पंडित नाही. हौशी नाटकांत वीस वर्षे लाईट लावण्याचे काम केले, त्या अनुभवावरच दोन शब्द बोलतो.

हजार माणसांसमोर उभा राहणारा नट म्हणजे मोठा धीट, असे आपल्याला वाटते. पण तिसऱ्या घंटेआधी विंगेत येऊन बघा! कोणी नारळ फोडतो, कोणी रंगमंचाच्या पाया पडतो, कोणी पहिल्या प्रयोगाचाच सदरा घालतो. याचे कारण समजण्यासारखे आहे. प्रयोग पडला तर पोटावर येते, आणि प्रयोग पडणे त्याच्या एकट्याच्या हातात नसते.

हे फक्त आपल्याकडेच आहे असे नाही. विलायतेतले अनेक शिकलेसवरलेले नटसुद्धा थिएटरात शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'चे नाव घेत नाहीत. 'ते स्कॉटिश नाटक' म्हणतात. चुकून नाव निघालेच, तर बाहेर जायचे, तीन गिरक्या घ्यायच्या, थुंकायचे आणि दार वाजवून पुन्हा आत यायचे!

का, तर त्या नाटकाला म्हणे शाप आहे. १६०६ सालच्या पहिल्याच प्रयोगात लेडी मॅकबेथ करणारा मुलगा मेला, असे सांगतात. पण ही गोष्ट मॅक्स बिअरबोम या लेखकाने १८९८ साली रचलेली, असे अभ्यासक म्हणतात. दुसरा दाखला न्यूयॉर्कचा. १० मे १८४९ रोजी 'मॅकबेथ'च्या प्रयोगाच्या रात्री थिएटरबाहेर वीसहून अधिक माणसे मेली. हे खरे आहे. पण दंगल होती इंग्रज नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्या चाहत्यांची. त्यात गरिबांचा श्रीमंतांवरचा राग मिसळला. माणसे सैनिकांच्या गोळ्यांनी मेली, नाटकाच्या नावाने नव्हे.

राहिले अपघात. ज्या नाटकात अंधार आहे, तलवारी आहेत, आणि जे शेकडो वर्षे चालू आहे, त्यात कोणाला ना कोणाला लागणारच. सुरळीत पार पडलेले प्रयोग कोण मोजतो?

तुम्ही म्हणाल, असेना का अपशकुन, कोणाचे काय बिघडते? बिघडते, बंधूंनो! आमच्या संस्थेत एक नवी मुलगी आली. तिच्या पहिल्याच प्रयोगात ऐन प्रसंगात फ्यूज उडाला, अंधार झाला. पुढच्या प्रयोगाला पाऊस आला, खुर्च्या रिकाम्या. कोणीतरी म्हणाले, "ही पनवती आहे." झाले! तिची भूमिका दुसरीला दिली. ती पोरगी पुन्हा कधी नाटकात दिसली नाही.

आज या विहारात खरे सांगतो. त्या दिवशीची वायर सैल होती. ती मी तशीच ठेवली होती. मला माहीत होते, आणि मी गप्प बसलो. ज्यांच्या सावलीचाही एकेकाळी विटाळ मानला गेला, त्यांच्याच घरातला मी. एका लेकराला अपशकुनी ठरवताना खाली मान घालून उभा राहिलो.

महामंगलसुत्त आपण दर कार्यक्रमाला म्हणतो. मंगल कशात आहे, तर चांगल्या आचरणात, हेच त्यात सांगितले आहे. म्हणून एवढीच विनंती. काही बिघडले तर आधी वायर तपासा, माणूस नको. आणि आपली चूक असेल तर तिथेच उभे राहून कबूल करा. मला ते जमले नाही, तुम्हाला जमो.