खड्ड्यातली खडी हातात घेऊन बघा

मागे पाण्याचा आवाज येतोय ना? फोंडाघाटाच्या एका वळणावर, रस्त्याच्या कडेला उभा आहे. दाजीपूर वर राहिलं, फोंडा गाव खाली, आणि समोर सुटी खडी पसरलेली. बाईकवाल्यांनो, पावसात घाट उतरताना असल्याच खडीवरून चाक सरकतं.

एक खडा उचललाय. अगदी स्वच्छ! डांबराचा मागमूस नाही. आपण लगेच म्हणतो, ‘डांबर कमी टाकलं.’ कधी कधी तेही खरं असतं, नाही कशाला म्हणू? पण डांबर पुरेसं असलं तरी ते खडीवरून सुटू शकतं.

कारण बहुतेक दगडांना डांबरापेक्षा पाणी जास्त जवळचं. भेग मिळाली की पाणी आत शिरतं आणि दगड नि डांबर यांच्यामध्ये घुसतं. वरून ट्रकचं चाक गेलं की तेच पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं, चाक पुढे गेलं की परत ओढलं जातं. दिवसभर हेच चालू.

आता दगड कुठला, यावर बरंच ठरतं. गारेचा दगड, ग्रॅनाइट यांत सिलिका जास्त, त्यांच्यावरचं डांबर लवकर सुटतं. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट त्या मानाने बरा. म्हणजे आपण नशीबवान? थांबा. बेसॉल्टमध्येही कुजका, पांढऱ्या गाठींचा दगड निघतो. शिवाय खडीवर क्रशरची भुकटी बसलेली असेल, तर डांबर त्या भुकटीला चिकटतं, दगडाला नाही. ओल्या खडीचं तर विचारूच नका. आणि आपला जांभा? घराला झकास, पण डांबरी थराला नको. डांबर पिऊन टाकतो आणि चाकाखाली त्याचा भुगा होतो.

हे आधी कळत नाही का? कळतं की! भारतीय मानकाची चाचणी आहे: डांबर लावलेली खडी 40 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 24 तास ठेवायची, मग किती भाग उघडा पडला ते नजरेने बघायचं. निदान 95 टक्के टिकायला हवं. नाही टिकलं तर डांबर धरून ठेवणारं रसायन घालतात, किंवा खडीच्या दोनेक टक्के चुना. हो, विरवलेला चुना, पानाला लावतो तोच!

तुमच्याकडे रस्त्याचं काम सुरू असेल तर ढिगातली मूठभर खडी घ्या. तळवा राखाडी झाला का? फोटो पाठवा. पुढच्या भागात गटारांबद्दल बोलू.