जुन्या केसचे कागद मागा
(शाहूपुरी, कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



जंगलजमीन कसली म्हणून आपल्या आजा-बापाला धरून नेलं, दंड केला. ते कागद आपण लाजेनं चुलीत घातले. आता तेच हुडकायचे आहेत. वनहक्क कायद्यात 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. अतिक्रमणाची केस, दंडाची पावती, कोर्टाचा निकाल म्हणजे त्या साली आपण त्या जमिनीवर होतो, याची सरकारनंच लिहिलेली साक्ष.

मागायचं कुठं? वनगुन्हा असेल तर रेंज ऑफिसात, पोलिस केस असेल तर ठाण्यात, निकालाची नक्कल कोर्टात. माहिती अधिकाराच्या अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. नाव, गाव, साल, कंपार्टमेंट नंबर लिहा. नुसतं "सगळं रेकॉर्ड द्या" लिहू नका. पोच घेतल्याशिवाय उठू नका. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर अपील करा.

आज कुणाला धरलं, तर 1996 च्या डी. के. बसू निकालाप्रमाणे अटकेचा कागद जागेवरच, तारीख-वेळ घालून, साक्षीदाराच्या सहीनं व्हायला पाहिजे. त्याचीही नक्कल मागा.

ज्या कागदानं आपल्याला चोर ठरवलं, तोच दाव्याला जोडू. जिंदाबाद!